पहिल्या दळणाचा वाद

ताई,

तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत शेठ मला म्हणाले, "लक्ष्मण, आता तुझ्या मनासारखं करू. पहिलं दळण बंद करून टाकू." ते चांगल्या मनानं म्हणाले. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले असतील. पण इतकी वर्षं मी जे तावातावानं मांडत होतो, तेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्यातला एकही शब्द आवडत नव्हता.

वाद असा जिंकायचा नव्हता. तुम्ही समोर असायला हव्या होतात, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि मला म्हणायला हवं होतं, "ठीक आहे, या वेळी तू बरोबर." ते तुम्ही सहजासहजी म्हटलं नसतंत. पण एकदा म्हटलं असतंत तर मनापासून म्हटलं असतंत, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना तुम्ही माहीत नसाल, म्हणून वाद कशाचा होता ते आधी सांगतो. आपला कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला, बिरवाडीतून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथं आपण काच घासायची पावडर करतो; मालक शेठ, पण ती कशी करायची ते ठरवायचात तुम्ही. चष्म्याची काच, आरसा, दुर्बिणीचं भिंग, या सगळ्यांना शेवटची झळाळी तिच्यानं येते. सेरियम नावाच्या धातूचं पांढरं कार्बोनेट पोत्यांतून येतं. ते बॉल मिलमध्ये, म्हणजे आत टणक गोळे फिरणाऱ्या पिंपात, दळायचं. भाजक्या मातीच्या चौकोनी भांड्यांत भरायचं, ज्यांना आपण सॅगर म्हणतो. सॅगर भट्टीत लावायचे. भट्टीत त्यातलं पाणी आणि वायू निघून जातो, वजन निम्म्याच्या जवळपास उतरतं, आणि उरतं ते फिकट पिवळसर ऑक्साइड. ते पुन्हा पाण्याबरोबर दळायचं, वाळवायचं, चाळायचं आणि भरायचं. म्हणजे दळणं दोन, भट्टीच्या आधी एक आणि नंतर एक. तुमचं म्हणणं, आधीचं दळण हवंच. माझं म्हणणं, ते नको.

एवढाच वाद. पण तो आपण जेवताना घातला, शिफ्ट बदलताना घातला, पोलादपूरला लग्नाला जाताना रिक्षात घातला. रिक्षावाल्यानं शेवटी विचारलं होतं, "मॅडम, पीठ कसलं हाय तुमचं, नाचणीचं?"

*

तुमच्याकडे नोकरीसाठी आलो तेव्हा वाद घालणं मला माहीतच नव्हतं. आमचा वाडा, म्हणजे गुरं राखणाऱ्यांची वस्ती, कुडपणच्याही वर डोंगरात. चार घरं, म्हशी, शेरडं आणि भरपूर वारा. बारावीपर्यंत पोलादपूरला वसतिगृहात राहिलो, मग महाडला कॉलेज. बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या वाड्यावर त्याचा अर्थ समजावून सांगायला कुणी नव्हतं. वडिलांनी विचारलं, "म्हंजे आता मास्तर झालास का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं." त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मुलाखतीला मी व्याख्या पाठ करून आलो होतो. तुम्ही एकही विचारली नाहीत. विचारलंत, "वडील तंबाखू खातात?"

मला वाटलं, ही माझ्या घराची चौकशी आहे. मान खाली घालून हो म्हटलं.

"मग तंबाखूला लावायचा चुना कुठून येतो?"

"दुकानातून."

"दुकानात कुठून येतो?"

तुम्ही थांबलात. कुणी माझ्या उत्तरासाठी इतकं थांबलेलं मला आठवत नव्हतं. शेवटी मी चाचरत म्हणालो की चुनखडी भाजतात, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड जातो आणि चुना उरतो.

"जातो म्हणजे कुठं जातो?"

"हवेत."

"दगडातून वारा निघून गेला की चुना उरतो. आपण इथं तेच करतो, फक्त आपला दगड जरा महाग आहे. उद्यापासून ये."

बाहेर पडलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जे शिकलो ते खरोखर कुठंतरी घडतं. परीक्षेच्या पेपरातलं समीकरण आणि वडिलांची तंबाखूची डबी ही एकाच जगातली आहेत, हे कॉलेजच्या तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिक्षकांचा दोष नाही. मी मागच्या बाकावर बसून उतरवून घेणारा मुलगा होतो. शंका विचारली तर आपण कुठून आलो ते दिसेल, अशी भीती होती.

ती भीती तुम्ही घालवलीत. तुमची रीत मात्र जरा अवघडच होती. सुरुवातीच्या दिवसांत तुम्ही जे सांगाल त्याला मी "हो ताई" म्हणायचो. एक दिवस तुम्ही म्हणालात, "भट्टी आज एकदम वर चढवू या. हळूहळू तापवायची काही गरज नाही." मी म्हणालो, "हो ताई." तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"काय होईल एकदम चढवली तर?"

"वायू जोरात निघेल. पावडर सॅगरमधून उडेल. सॅगर तडकतील."

"मग हो का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी चुकीचं सांगत होते आणि तुला ते माहीत होतं. लक्ष्मण, मला हो म्हणणारी माणसं इथं पुष्कळ आहेत. तू मला नाही म्हण. चुकलास तर मी आहे."

ताई, माझ्या घराण्यात आजवर साहेबाला, मास्तरला, फॉरेस्टवाल्याला कुणी नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं असलं तर आम्ही गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवशी जनावरं दुसरीकडे नेतो. तुम्ही मला तोंडावर नाही म्हणायला शिकवलंत, आणि मग मी पहिलं मोठं "नाही" तुमच्याच आवडत्या गोष्टीला म्हटलं. तुम्हाला राग यायला हवा होता. तुम्ही खुर्ची ओढून म्हणालात, "बस. सांग का नको."

*

माझं म्हणणं साधं होतं. दळताना मिलमधले गोळे झिजतात. ती झीज पावडरीत उतरते. गोळे आपल्या ऑक्साइडपेक्षा कडक, त्यामुळे त्यांचा एखादा कण काचेवर ओरखडा काढू शकतो. दोनदा दळलं तर झीजही दोनदा. शिवाय आता कार्बोनेट येतं ते मुळातच बारीक. मग भट्टीआधी ते दळायचं कशाला?

तुमचं म्हणणं अनुभवातलं होतं. तुम्ही तरुण असताना दुसऱ्या एका कारखान्यात होतात. तिथं कार्बोनेट ढेकळांनी यायचं. घाई होती म्हणून एकदा ते न दळता भट्टीत गेलं. ढेकूळ वरून भाजलं, आतून कच्चं राहिलं. कच्चा भाग मऊ, पक्का भाग कडक. त्या पावडरीनं घासलेल्या काचा ढगाळ निघाल्या आणि सगळा माल परत आला. तो माल पाठवायला हरकत नाही, असं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत.

"वर करपलेली आणि आत कच्ची भाकरी तुझ्या आईनं वाढली तर खाशील?" तुम्ही विचारायचात.

"आई पीठ एकदाच दळते, ताई. भाजल्यावर भाकरी परत जात्यात घालत नाही."

"फार शहाणा झालायस."

लीलाबाई तेव्हा दाराशी उभी राहून ऐकत असायची. पहिली मिल तिच्याकडे. पोती फोडणं, गाठी मोडणं, मिल भरणं आणि रिकामी करणं. दासगावची, तोंडानं फटकळ, आणि तुमच्याशी बरोबरीनं भांडणारी. ती म्हणायची, "दोघांचं झालं का? माझी मिल चालू करू की तुमची कोर्टकचेरी संपायची वाट बघू?"

वाद मजेचा होता, पण त्याच्या पोटात लीलाबाईचं काम होतं. पहिलं दळण बंद म्हणजे तिची मिल बंद. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हालाही होतं. आपण दोघांनी ते कधी उच्चारलं नाही.

*

माझी आई एकदा कारखान्यात आली होती, तो दिवस तुम्ही पुढं किती दिवस सगळ्यांना सांगत होतात. महाडला डोळे दाखवायला आणलं होतं तिला. परत जाताना म्हणाली, "तुजं काम तर दाव." तुम्ही तिला स्वतः फिरवलंत. तिनं भट्टीतून निघालेल्या पावडरीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, "पिठावानीच हाय. पण जड हाय गो."

मग तिनं माझ्यादेखत तुम्हाला विचारलं, "बाय, माज्या पोराला जमतंय का काम?"

"जमतं. पण फार वाद घालतो."

आईला ते खरं वाटेना. "ह्यो? घरात तर तोंड उघडत नाय. बाप बोलला की खाली मान."

"इथं मला मान खाली घालायला लावतो."

आई काळजीत पडली. वाटेत मला म्हणाली, "मोठ्या मानसांला उलट बोलू नकोस रं. काढून टाकतील." मी तिला समजावायचा प्रयत्न केला की ताईंना ते आवडतं. तिनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. पुढं कितीतरी दिवस फोनवर विचारायची, "बोललास का परत ताईला?"

तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता कुनासंगं बोलशील तू?"

*

आपल्या प्रयोगशाळेतली ती चष्म्यांची पेटी अजून तशीच आहे. बाहेरच्या माणसाला ती बघून नवल वाटतं. माल पाठवायच्या आधी तुम्ही खऱ्या चष्म्याच्या काचेवर पावडर ओली करून जाड कापडानं घासायचात, काच धुवायचात, खिडकीशी भिंगाखाली धरायचात आणि ओरखडे शोधायचात. यंत्रानं तपासणी होतेच, पण यंत्राचा आकडा आणि काचेवरची रेघ यात तुमचा भरवसा रेघेवर. अडचण एवढीच की आता चष्मे सगळे फायबरचे. काचेचे मिळेनात. मग तुम्ही कामगारांना सांगितलंत, घरात जुने चष्मे असतील तर आणा.

लोकांनी आणले ते गेलेल्या माणसांचे. बिरवाडीच्या कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या सासऱ्याचा जाड काचेचा. लीलाबाईनं तिच्या आईचा दिला, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. टाकवत नाही आणि कुणाच्या उपयोगाचाही नाही, अशी ती वस्तू. तुमच्याकडे तिला काम मिळालं. तुम्ही कुणाचा चष्मा घासताय हे लक्षात ठेवायचात. "आज लीलाच्या आईनं माल पास केला," असं म्हणायचात. कुणाला ते विचित्र वाटलं नाही. लीलाबाई एकदा जेवणाच्या सुट्टीत आत आली आणि म्हणाली, "आईला गावाबाहेर कधी नेली नाय आम्ही. इथं रोज कारखान्यात येते."

तुमचा स्वतःचा चष्मा फायबरचा. "मी मेले तरी माझा तुम्हाला कामाचा नाही," असं हसत म्हणाल्या होतात. आम्हीही हसलो होतो.

*

चाचणी घ्यायचं आपलं किती वेळा ठरलं. एकाच कार्बोनेटचे दोन भाग करायचे, एक दळून आणि एक न दळता भट्टीत घालायचा, मग बघायचं. दर वेळी काहीतरी निघालं. कधी ऑर्डरची घाई, कधी भट्टीची दुरुस्ती, कधी सावित्री नदीचं पाणी चढल्यानं माणसंच येऊ शकली नाहीत. शेवटी तुम्ही म्हणालात, "गणपती झाले की करू. शब्द." गणपतीनंतर तुम्ही हृदयाच्या ऑपरेशनला मुंबईला गेलात. "येते लवकर," म्हणालात, जसं कुणी तालुक्याला जाऊन येतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला. मला वाटलं, भट्टीचं विचाराल. तुम्ही विचारलंत, "माझ्या डब्याचं झाकण तिथं राहिलंय का बघ रे. घरी सापडत नाही." मी शोधलं, सापडलं नाही. तसं सांगितलं. "जाऊ दे," म्हणालात. मग जरा थांबून, "चाचणी माझ्याशिवाय करू नकोस हं." मी म्हणालो, "नाही करणार." ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्या दिवशी आणखी काही बोलायला हवं होतं. तुमच्यामुळे मी माणसांत आलो, एवढं एक वाक्य. पण आमच्याकडे अशी वाक्यं बोलत नाहीत, आणि तुम्ही बऱ्या होऊन येणारच होतात.

*

म्हणून शेठ म्हणाले, "पहिलं दळण बंद," तेव्हा मी म्हणालो, "शेठ, आधी चाचणी घेऊ."

"आता कशाला चाचणी? तूच सांगायचास ना, नको म्हणून."

"सांगत होतो. दाखवलं नव्हतं."

"ज्यांना दाखवायचं त्या तर नाहीत."

"म्हणून तर."

शेठना ते समजलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांना मिलच्या जागेवर पॅकिंगचं मशीन बसवायचं आहे, हे त्यांनी लपवलं नाही. "लवकर उरक," म्हणाले.

तुम्हाला दिलेला शब्द मोडतोय, हे मला दिसत होतं. पण न तपासता तुमची पद्धत बंद करणं हे त्याहून वाईट. तुम्हीच असतात तर मला सोलून काढलं असतंत. म्हणून चाचणी घेतली, आणि तुमच्या बाजूला शक्य तितका न्याय देऊन घेतली. एकाच पोत्यातलं कार्बोनेट. अर्धं लीलाबाईनं दळलं, तुम्ही सांगायचात तेवढा वेळ. अर्धं नुसतं हातानं चाळून भरलं. सॅगर भट्टीत एकाच थरात लावले, बुडाला खुणा करून. भट्टी तुमच्या चालीनं चढवली, सावकाश, वायू निघून जाईल अशी. निवू दिली तीही तुमच्यासारखीच, दार न उघडता. मला दार उघडून बघायची घाई झाली होती. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

दुसरं दळण दोन्हींचं वेगवेगळं केलं, मध्ये मिल धुऊन. मग दोन वाट्यांत दोन पावडरी, वाट्यांच्या बुडालाही खुणा. डोळ्यांना सारख्याच.

आता काच कुणी बघायची? मी बघणं योग्य नव्हतं. माझा डोळा मला हवं तेच बघणार. मी लीलाबाईला बोलावलं. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला कशाला? मिल तिची आहे. ती मिलच्याच बाजूनं बोलणार."

"मीही माझ्याच बाजूनं बोलणार, शेठ. निदान तिला कुठली वाटी कुठली ते माहीत नाही."

तिला मी दोन काचा दिल्या, दोन वाट्या, कापडाचे दोन तुकडे. तुम्ही घासायचात तसंच घासलं तिनं, गोल गोल, दाब न देता. तुमच्याकडे बघून बघून शिकली असेल. काचा धुतल्या, खिडकीशी गेली, भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघत होती. एक काच खाली ठेवली, दुसरी उचलली, परत पहिली उचलली.

"दोन्हीकडं झळाळी चांगली हाय," ती म्हणाली. "पर ह्या वाटीनं बारीक रेघ येतेय. एक हितं, एक कडंला. दुसरीची काच साफ हाय."

मी वाटीखालची खूण बघितली. माझ्या तोंडावर दिसलंच असणार.

"माज्या मिलचं, व्हय ना?"

"हो."

तिनं काच पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली. "मग सांग की मालकाला. माज्या तोंडाकडं काय बघतोस?"

"लीलाबाई, तुम्हाला दोन्ही काचा सारख्याच म्हणता आलं असतं."

"कसं म्हननार? रेघ दिसतेय."

आम्ही ती चाचणी आणखी करून बघितली, काचा बदलून, वाट्या बदलून. दर वेळी तसंच.

*

ताई, तुम्ही चुकल्या होतात. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लाजही वाटत नाही. तुमच्या काळातलं कार्बोनेट ढेकळांचं होतं आणि त्याला पहिलं दळण हवंच होतं. तुम्ही एकदा पोळलात आणि त्यानंतर कधी धोका पत्करला नाहीत. कार्बोनेट बदललं, आपण बदललो नाही. एवढंच आहे ते.

एक गोष्ट मात्र मला छळते. तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं का? तुम्ही पोत्यात हात घालून ते पीठ चोळून बघितलं होतंत, माझ्यासमोर. ते किती बारीक आहे हे तुमच्या बोटांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. मग चाचणी पुढं पुढं का ढकलली? लीलाबाईसाठी? की आयुष्यभर धरलेली गोष्ट सोडवत नव्हती? मी लीलाबाईला विचारलं. ती म्हणाली, "माज्यासाठी? ती बाय माज्याशी दिवसातून धा वेळा भांडायची." मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "पर इतकी वर्सं काढली नाय मला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती पोती झटकायला लागली.

मला उत्तर मिळणार नाही. मी स्वतःला असं सांगतो की दोन्ही कारणं असतील, आणि तुम्हालाही त्यातलं कुठलं जास्त खरं ते नक्की ठाऊक नसेल.

शेठना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, भट्टीआधीचं दळण बंद करावं. दुसरी, लीलाबाईला माल तपासायला बसवावं, कारण स्वतःच्या विरुद्ध जाणारी रेघ जिला दिसते आणि जी ती सांगते, असा डोळा आपल्याकडे दुसरा नाही. शेठ म्हणाले, "ती चौथी शिकलीय." मी म्हणालो, "यंत्राचे आकडे मी बघीन. काच ती बघेल." त्यांनी विचार करतो म्हटलं, आणि दोन दिवसांनी हो म्हणाले. लीलाबाई तुमच्या खुर्चीत बसत नाही. पॅकिंगमधलं लोखंडी स्टूल ओढून आणलंय. म्हणते, "खुर्चीत झोप येते." बसून बसून पाय आखडतात म्हणून मला रोज शिव्या देते.

मशीनवाले मिल उखडायला आले तेव्हा मी दाराशी होतो. आणि ताई, तिथं उभा असताना मला तुमचं म्हणणं ऐकू आल्यासारखं झालं. भास वगैरे काही नाही. इतकी वर्षं रोज वाद घातला की समोरचा पुढं काय म्हणणार ते ठाऊक होतं, तेवढंच. तुम्ही म्हणाल्या असतात, "दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत चाचणी घेतलीस आणि निकाल दिलास? आषाढात गोदामातली पोती बघितली आहेस? ओल धरून त्यांचा दगड होतो. तेव्हा काय करशील? तेव्हा तुझी चाळणी फोडेल का त्या गाठी?"

खरंच, मी हे धरलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. पावसाळ्यात गाठी होतात आणि त्या लीलाबाई मोडते, हे रोज बघूनही मी ते वादात घेतलं नाही, कारण ते तुमच्या बाजूचं होतं आणि तुमची बाजू मांडायला तुम्ही होतात.

मी मशीनवाल्यांना थांबवलं. शेठकडे गेलो. म्हणालो, "दळण बंदच ठेवू, पण मिल काढू नका. पावसाळ्यातल्या पोत्यांची चाचणी व्हायची आहे."

शेठ वैतागले. "अरे, जिंकलास ना तू? आता काय?"

"ताईंचं म्हणणं अजून पुरं झालेलं नाही."

ते म्हणाले, "पॅकिंग मशीन शेडमध्ये लावा. पावसाळ्यापर्यंत."

तर मिल जागेवर आहे, झाकून ठेवलेली. पावसाळ्यात काय निघेल, मला माहीत नाही. तुम्ही बरोबर निघालात तर ते लिहून कळवावं असं कुणीच नाही, आणि चुकलात तर पुढचा मुद्दा मलाच तुमच्या वतीनं काढावा लागेल. सध्या मी दोन्हीकडून बोलतो. माझ्या बाजूनं बोलणं तुम्ही शिकवलंत, ते जमतं. तुमच्या बाजूनं तितकं तिखट बोलणं अजून जमत नाही. शिकतो आहे.